तिसरा डबा

नेरळच्या बाजारात उभं राहून सदू कोळंबेचं दुकान कुठं असं विचारलं, की समोरचा माणूस म्हणतो, "रजेवाला सदू ना? तो काय, पिठाच्या गिरणीच्या शेजारी." पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जे फिरतं आणि फिरायचं थांबतं, ते सदू दुरुस्त करतो. त्याच्या हाताला गुण आहे. नव्या इमारतींमधले लोकही मोटार बिघडली की त्यालाच बोलावतात. रजेवाला हे त्याचं आडनाव असावं अशी त्यांची समजूत आहे, आणि सदूनं ती कधी दुरुस्त केलेली नाही.

याच सदूला त्याच्या पोशीर गावाच्या पुढं, डोंगरात पाऊण तासाच्या चढणीवर असलेल्या कारवीवाडीत मेजर म्हणत असत. एकाच माणसाची ही दोन नावं बत्तीस वर्षं एकमेकांना न भेटता नांदली, कारण गावचे लोक वाडीवर जात नाहीत आणि वाडीचे लोक बाजारात आले तरी दुकानदारांशी कामापुरतंच बोलतात.

सदू १९८५ साली फौजेत भरती झाला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पोशीरच्या देवळासमोर त्याला हार घातला, आईनं ओवाळलं. तीन वर्षं त्यानं नोकरी चोख केली. मग त्याच्या तुकडीला उत्तरेकडं बर्फातल्या चौकीवर पाठवलं. तिथं एका सकाळी गस्तीवर असताना त्याच्या पुढं दहा पावलांवर चालणारा माणूस एकाएकी दिसेनासा झाला. बर्फाला भेग होती, वरून ती दिसत नव्हती. ओरडण्याचाही आवाज आला नाही. सदूचं यात काही चुकलं नव्हतं आणि कुणी त्याला बोल लावलाही नाही. पण त्या दिवसापासून पाऊल पुढं टाकायचं म्हटलं की त्या थंडीतही त्याला घाम फुटे.

पुढच्या वर्षी, १९८९ च्या जूनमध्ये, तो दोन महिन्यांच्या रजेवर घरी आला. त्याच रजेत त्याचं इंदूबाईशी लग्न झालं. चौदा ऑगस्टला हजर व्हायचं होतं. म्हणून तो अकरा तारखेला ट्रंक घेऊन नेरळ स्टेशनावर गेला. कल्याणला जाणाऱ्या तीन गाड्या त्यानं समोरून जाऊ दिल्या. चौथी आली तेव्हा तो उठला, ट्रंक डोक्यावर घेतली आणि पोशीरची वाट धरली. घरी पोचल्यावर म्हणाला, "रजा वाढली."

आईला आनंद झाला. गावालाही काही वावगं वाटलं नाही. गणपतीत कुणी विचारलं तर रजा वाढली, नवरात्रात विचारलं तर रजा वाढली. दिवाळी झाली. नोव्हेंबरात तो खाचरात भात कापत असताना बांधावर पोलीस पाटील, दोन पोलीस आणि लाल टोपीचा एक फौजी असे चौघे येऊन उभे राहिले. त्यांनी त्याला विहिरीवर हातपाय धुवू दिले. विळा इंदूबाईच्या हातात देऊन तो त्यांच्याबरोबर चालू लागला. कापणीचे दिवस होते, सगळं गाव शेतात होतं, त्यामुळे ते सगळ्या गावानं पाहिलं.

शिक्षा भोगून, फौजेतून काढून टाकल्याचा कागद घेऊन तो दुसऱ्या वर्षी परत आला. देवळाच्या पारावरून कुणीतरी विचारलं, "काय रं सदू, आता कितीची रजा?" तेव्हापासून तो रजेवाला झाला. पंधरा ऑगस्टला पंचायतीसमोर गावातले माजी सैनिक छातीवर पदकं लावून उभे राहतात. सदू त्या सकाळी घराचं कौल शाकारायला काढतो.

त्या दिवसांत त्याला काम दिलं ते खालापूरच्या कोंडीराम नावाच्या माणसानं. कोंडीरामाकडं पडद्यावर सिनेमा दाखवायचं एक छोटं मशीन होतं. जत्रा, पूजा, बारसं, बोलावतील तिथं तो जाई. सदूचा हात मशीनवर बसला. कोंडीरामाकडं चार-पाच पिक्चर होते, त्यातला एक इंग्रजी. काळा-पांढरा, जुना, वाळवंटातल्या लढाईचा. भाड्यानं देणारी मुंबईची कंपनी बंद पडली आणि त्याचे पत्र्याचे पाच डबे कोंडीरामाकडंच राहिले.

त्या पिक्चरची गोष्ट अशी. पहिल्या डब्यात एक उंच, देखणा शिपाई भरती होतो. दुसऱ्या डब्यात त्याची तुकडी वाळवंटातल्या एका किल्ल्यात अडकते. किल्ल्यात पाण्याची एकच विहीर, तिच्यावर या शिपायाचा पहारा. तिसऱ्या डब्यात शत्रू भिंतीवर चढतो आणि हा शिपाई पहारा टाकून पळतो. उंटांच्या दावणीत गोण्यांखाली लपून बसतो. शत्रू विहीर बुजवतो आणि तहानेनं माणसं मरतात. चौथ्या डब्यात कप्तान सगळ्या पलटणीसमोर त्याच्या कोटाची बटणं तोडतो. मग तो उंटवाल्याच्या वेशात वाळवंटात परत जातो आणि पाचव्या डब्यात, पखालीतून पाणी घेऊन, वेढ्यात सापडलेल्या आपल्याच माणसांपर्यंत पोचतो. शेवटी तो स्वतःच्या हातानं कप्तानाला पाणी पाजतो.

सदूनं तिसरा डबा एकदाच पाहिला. कोंडीरामाच्या गोदामात, मशीन तपासताना. पाहून झाल्यावर त्यानं तो गुंडाळून ठेवला आणि कोंडीरामाला सांगितलं, की हा डबा मशीनमध्ये अडकतो, फिल्म फाटेल. कोंडीरामाला लवकर घरी जायला मिळालं की बरंच असे, त्यानं जास्त चौकशी केली नाही.

१९९२ च्या शिमग्यात कारवीवाडीचं बोलावणं आलं. कोंडीराम तापानं आजारी होता, म्हणून सदू एकटाच गेला. फौजेचा हिरवा स्वेटर तेवढा त्यानं जपून ठेवला होता, तो अंगात होता. वाडीतल्या कुणीतरी विचारलं, फौजेत होतात का? तो म्हणाला, होतो. तिथंच तो थांबला. त्याला जे सांगायचं नव्हतं ते कुणी विचारलं नाही, आणि उरलेलं वाडीनं आपल्या मनानं भरून घेतलं. संध्याकाळपर्यंत तो मेजर झालेला होता.

वाडीवर वीज होती ती फक्त शाळेत, तीही दुपारची चार तास. म्हणून खेळ दुपारीच झाला. खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधार केला. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, सदूलाही फारसं कळत नव्हतं. तो मशीनजवळ उभा राहून कोण काय बोलतंय ते आपल्या भाषेत सांगत गेला. दुसरा डबा संपला आणि त्यानं सरळ चौथा लावला. पडद्यावर शिपाई विहिरीवर ताठ उभा होता, आणि पुढच्याच घटकेला त्याची बटणं तोडली जात होती. लोकांनी विचारलं, का? यानं काय केलं? सदूनं मशीनकडं पाहत सांगितलं, "काय नाय केलं. कप्तानाचा डाव हाय. त्याच्या मनात आकस होता."

झालं. वाडीनं शिपायाचं नाव ठेवलं लांब्या आणि कप्तानाचं खोकड. कोंडीराम वारला तेव्हा मशीन आणि डबे सदूकडं आले. मग दर वर्षी धुळवडीच्या दुपारी सदूनं वर जायचं आणि हाच पिक्चर दाखवायचा असा रिवाजच पडला. पुढं वाडीवर टीव्ही आले, मोबाइल आले, तरी तो चालू राहिला. खोकड दिसला की बायका बोटं मोडत. शेवटी लांब्या त्याला पाणी पाजायला वाकला की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओरडत, "पाजू नको रं त्याला, मरू दे!" खेळ संपला की चार गडी मशीन आणि डबे खांद्यावर घेऊन खाली सडकेपर्यंत पोचवत. मेजरला वाडीत ओझं उचलू देत नसत. सव्वीस जानेवारीला वाडीच्या शाळेत झेंड्याची दोरीही त्याच्याच हातात देत.

इंदूबाई दर वर्षी बरोबर असे. ती वर्षातून एकदा मेजरीणबाई होई आणि दुसऱ्या दिवशी पोशीरच्या नळावर पुन्हा रजेवाल्याची बायको. याबद्दल ती नवऱ्याशी कधी बोलली नाही. फक्त दसऱ्याला डब्यांना वारा द्यायला काढलं की तिसरा डबा ती स्वतः उघडी. फिल्म जुनी झाली की आंबूस वास येतो. बाकी चार डब्यांना तो यायला लागला होता. तिसऱ्याला अजून नव्हता.

कारवीवाडीत पोशा आणि त्याची बायको आवडी राहतात. पोशा रोजावर जातो, आवडी पत्रावळ्या लावते, रानातलं जे मिळेल ते बाजारात नेते. त्यांचा मुलगा दशरथ लहानपणापासून हा पिक्चर पाहत वाढला. बारावीनंतर तो फौजेच्या भरतीची तयारी करू लागला तेव्हा सदूनं त्याला चढणीवर पळायला शिकवलं, छातीत श्वास कसा धरायचा ते शिकवलं. दशरथ पहिल्याच खेपेला निवडला गेला. वाडीतून फौजेत गेलेला तो पहिला. पोशानं त्या दिवशी सदूच्या डोक्याला नवा फेटा बांधला. तो फेटा सदूनं घरी आणला, पण पोशीरमध्ये घालायची सोय नव्हती.

२०२४ च्या फेब्रुवारीत दशरथ फौजेचं प्रशिक्षण संपवून रजेवर आला. एक मार्चला त्याला जबलपूरच्या पुढच्या एका छावणीत हजर व्हायचं होतं. एकवीस मार्चला, गुरुवारी, इंदूबाई बाजारात शिमग्यासाठी पत्रावळ्या घ्यायला गेली तर आवडी तिथं बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पोरगा पोचला का नीट, असं इंदूबाईनं विचारलं. आवडी पत्रावळ्या मोजत म्हणाली, "नाय गं बाय, हायेच अजून घरी. रजा वाढली त्याची."

इंदूबाई घरी आली. दुपारी सदूचं ताट वाढलं, भाकरी ठेवली, आणि समोर बसून म्हणाली, "दशरथची रजा वाढली."

सदूनं घास खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो वर गेला. दशरथ घरामागं कुंपणाला काट्या लावत होता. मेजरला बघून तो उभा राहिला, पण नेहमीसारखा हसला नाही. सदूनं आडपडदा न ठेवता विचारलं आणि दशरथनंही न लपवता सांगितलं. बरोबर शिकणाऱ्या पोरांपैकी कुणाचा तरी बंदुकीचा पट्टा हरवला. नाव दशरथवर आलं. त्यानं नाही म्हटलं, पण कवायत शिकवणाऱ्या उस्तादाचा विश्वास बसला नाही. भर दुपारी मैदानात लोळायला लावलं, आठवडाभर इतरांची भांडी घासायला लावली. पट्टा नंतर दुसऱ्याच्या पेटीत सापडला, पण चुकलं असं त्याला कुणी म्हणालं नाही. सुट्टीवर आल्यावर परत जायची वेळ आली आणि पायच उचलेना.

सदू त्याला म्हणाला, की असं होतं, फौजेत एकाची शिक्षा दुसऱ्याला बसते, तेवढ्यावरून पळून राहायचं नाही. दशरथनं त्याच्याकडं सरळ पाहिलं.

"लांब्यानं तरी काय केलं होतं, मेजर? उभाच होता ना विहिरीवर? तरी खोकडानं बटनं तोडली. चांगल्या मानसाला तिथं असंच करतात, हे तुमीच दाखवलंत. मी लहान होतो तवापासनं दाखवलंत."

 याचं उत्तर पाच डब्यांपैकी एका डब्यात बंद होतं. तो चहाही न घेता खाली उतरला.

त्यानं दिवस मोजले. तीस दिवसांच्या आत माणूस आपल्या पायांनी छावणीच्या दारात गेला, तर शिक्षा होते पण तो शिपाई राहतो. तीस उलटले, की पळपुटा म्हणून नाव लागतं, आणि मग पोलीस पाटील बांधावर येतो. १९८९ साली सदूनं हे दिवस मोजले नव्हते. आता एक तारखेपासून तो बोटांवर मोजत होता. बावीस झाले होते. जायला दीड दिवस लागतो. धुळवड पंचविसाव्या दिवशी येत होती.

शनिवारी त्यानं माळ्यावरून मशीन काढलं. पट्टा सैल झाला होता, तिथं शिलाई मशीनचा पट्टा बसवला. मग पाची डबे खाली मांडले आणि तिसरा उघडून, फिल्म बोटांतून सरकवत, फूट फूट तपासायला बसला. इंदूबाई दारात उभी राहून बघत होती.

"हा दाखवनार?" तिनं विचारलं.

"बघतोय, चालतो का."

"चालतो. दर दसऱ्याला बघते मी." थोड्या वेळानं ती म्हणाली, "इकडं रजेवाला हाव, तेवढं पुरं नाय का? वर्साचे दोन दिवस तुमी मेजर असता. मी बी एक दिवस मेजरीण असते."

सदूनं मान वर केली नाही. म्हणाला, "पोरगं माज्यामुळं बसलंय घरात."

"दुसऱ्या कुनी समजवावं त्याला. मास्तर हायेत."

"मास्तर काय सांगनार? मास्तर कुटं पळालेत?"

यावर इंदूबाई आत गेली आणि बाहेर आली ती जुन्या साडीचा मऊ तुकडा घेऊन. फिल्म पुसायला तोच लागतो, टॉवेलचे धागे अडकतात. त्याच्या शेजारी बसून ती पुसू लागली.

धुळवडीला, सोमवारी, शाळेची खोली नेहमीसारखी भरली. आता वाडीवर दिवसभर वीज असते, पण खेळ दुपारचाच. खिडक्यांना पोती लागली. पोशा पुढं बसला, आवडी बायकांत. दशरथ दाराशी भिंतीला टेकून उभा होता, आईनं ओढून आणलं होतं. पहिला डबा झाला, दुसरा झाला. जुन्या फिल्मवर रेघांचा पाऊस पडावा तसं सगळं दिसतं, माणसं त्या रेघांमागून ये-जा करतात. सगळ्यांना सगळं पाठ होतं. लांब्या विहिरीवर पहाऱ्याला उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालंही, आता खोकड येतोय बघा.

सदूनं तिसरा डबा चढवला.

पडदा एकदम लख्ख झाला. एक रेघ नाही, एक डाग नाही. वाळूचा कण न कण दिसावा इतकं स्वच्छ. बायका, म्हातारी, पोरं सगळी पुढं सरकली. कुणी विचारलं, हे नवं आणलंत का मेजर? सदू म्हणाला, की जुनंच आहे, कधी लावलं नव्हतं.

भिंतीवर शिड्या लागल्या. माणसं चढू लागली. लांब्याचा चेहरा जवळून दिसला, ओठ थरथरताना दिसले. त्यानं बंदूक विहिरीच्या कठड्याला टेकवली आणि पळाला. उंटांच्या पायांमधून सरपटत जाऊन गोण्यांखाली शिरला. खोकड एकटाच विहिरीवर उभा राहून लढत होता, हातातून रक्त गळत होतं, आणि मान वळवून वळवून कुणालातरी हाका मारत होता.

सदूचं बोलणं थांबलं होतं. 

आवडीनं अंधारातून विचारलं, "का पळला तो?"

"भ्याला," सदू म्हणाला.

"आनि खोकडाचा डाव?"

"डाव नव्हता. कप्तानानं काय केलं नाय. ते मी आपलं माज्या मनचं सांगत होतो."

पोशा मागं वळला. पडद्याच्या उजेडात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. "येवढी वर्सं? का रं पन?"

सदूनं मशीनच्या झाकणावर हात ठेवला. ते गरम होतं, तरी त्यानं हात काढला नाही. म्हणाला, "मी बी असाच पळलो. माजी बी बटनं तोडली. मी मेजर नाय, मी कदी नाईक बी झालो नाय. आईला सांगितलं रजा वाढली, आनि चौथ्या महिन्यात पोलीस घेऊन गेले. पोशीरला कुनालाबी इचारा."

 तिसरा डबा संपला, पांढरा उजेड पडद्यावर नाचला. सदूनं चौथा चढवला, कारण सुरू केलेला खेळ पुरा करायचा असतो. बटणं तुटली तेव्हा कुणी खोकडाला शिव्या दिल्या नाहीत. पाचव्यात लांब्या पखाल घेऊन आला, कप्तानाजवळ वाकला. त्या ठिकाणी दर वर्षी आरडाओरडा होई, आज पंख्याचा आवाज ऐकू येत होता. दिवा लागला तशी माणसं उठून एकेक करून निघून गेली. पोशा गेला. आवडी उंबऱ्याशी थांबली, पण तिनंही मागं पाहिलं नाही. दाराशी भिंतीला टेकलेला दशरथ केव्हा गेला ते सदूला कळलं नव्हतं.

त्या वर्षी खांदे द्यायला कुणी आलं नाही. सदूनं मशीन पेटीत ठेवलं. इंदूबाईनं दोन डबे डोक्यावर घेतले, तीन काखेत. दोघं शाळेच्या पायऱ्या उतरली. पेटी जड, सदूचं वय अठ्ठावन्न, आणि उतार निसरडा खडीचा. पहिल्या वळणावर त्यानं पेटी टेकवली. उचलायला पुन्हा वाकला तर दुसऱ्या बाजूच्या कडीत आधीच एक हात होता.

दशरथनं पेटी उचलून खांद्यावर घेतली.  इंदूबाई मुद्दाम पुढं निघून गेली.

मग दशरथनं विचारलं, "त्या चार महिन्यांत परत जावंसं वाटलं नाय?"

"रोज वाटायचं. पहिल्या आठवड्यात लय वाटलं. मग जसा जसा उशीर झाला, तसं तोंड दाखवायची लाज जास्त झाली. पळताना मी बर्फाला भ्यालो होतो. नंतर बर्फ राहिला बाजूला, नुसता गेटाला भ्यालो."

"मी काय केलंच नाय पन. पट्टा मी नाय हरवला."

"हां. मग तर तुजं सोपं हाय." सदू थांबून दम घेत म्हणाला. "एक तारखेपासनं मात्र केलंयस. आज पंचवीस झाले. तीसच्या आत आपल्या पायानं गेलास, तर तेवढ्याचीच शिक्षा. त्या पट्ट्याचं बी तिथंच उभं राहून सांग, लिहून दे. इथं कुंपनाला काट्या लावून कुनाला कळनार?"

 सडकेवर आल्यावर दशरथनं पेटी टेंपोत चढवली, हात झटकले आणि वर निघून गेला.

मंगळवारी सकाळी तो दुकानासमोर उभा होता. पाठीवर बॅग, पायांत फौजेचे बूट. सदूनं शटर ओढलं. दोघं नेरळ स्टेशनावर आले. सदूला तो बाक ओळखू आला, रंग बदलला होता पण जागा तीच. तो त्यावर बसला नाही, दशरथलाही बसू दिलं नाही. पहिलीच गाडी आली तिच्यात दोघं चढले. कल्याणला जबलपूरकडं जाणारी गाडी सुटेपर्यंत सदूनं बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. गाडी हलल्यावर दारातून बॅग आत दिली.

अठ्ठावीस तारखेला दुपारी दुकानात फोन वाजला. दशरथ म्हणाला, "हजर झालो, काका." मेजर म्हणाला नाही. सदूनं ते ऐकलं, बरं म्हणाला आणि हातातली मोटार पुन्हा उघडली.

दशरथला शिक्षा झाली. अठ्ठावीस दिवस कोठडीत ठेवलं, पगार कापला. पट्ट्याचं त्यानं लिहून दिलं, त्यावर कुणी चौकशी केली की नाही ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो शिपाई राहिला. नंतर त्याला ईशान्येकडं पाठवलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला कारवीवाडीतून सदूला बोलावणं आलं नाही. झेंड्याची दोरी मास्तरांनी ओढली असं बाजारात कळलं. आवडी बाजारात बसलेली असे, इंदूबाई तिच्याकडून पत्रावळ्या घेई, दोघी पत्रावळ्यांच्या दराचं तेवढं बोलत.  पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, दोन्ही दिवशी सदूनं दुकान उघडं ठेवलं. कौलं शाकारायला मात्र काढली नाहीत. पारावरून कुणी रजेचं विचारलं तर तो आता म्हणे, "संपली." आणि पुढं चालू लागे.

२०२५ च्या शिमग्याला चार दिवस उरले असताना पोशा दुकानात आला. कधी नव्हे तो एकटा. बराच वेळ पंखे, मोटारी बघत उभा राहिला. मग म्हणाला, की पोराचा फोटो आला आहे, गणवेशातला. सदूनं फोटो पाहिला, चांगला आहे म्हणाला. पोशानं मोबाइल खिशात ठेवला आणि जाता जाता वळून म्हणाला, "सदू, धुळवडीला ये. पाची डबे आन."

सदू गेला, इंदूबाई गेली. न्यायला दोन गडी खाली आले होते. त्यांनी डबे घेतले आणि पेटीची एक कडी धरली, दुसरी सदूच्या हातात राहू दिली. शाळेच्या भिंतीवर दशरथचा फोटो चिकटवला होता. खेळ सुरू झाला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर आता एक बारीक रेघ दिसू लागली होती, गेल्या वर्षी मशीनमधून गेल्याची. लांब्या पळाला तेव्हा लोकांनी मुकाट्यानं पाहिलं. बटणं तुटली तेव्हा पोशानं नुसती मान हलवली.

पाचव्या डब्यात लांब्या वाळूतून फरफटत आला. कप्तान आडवा पडला होता, ओठ फुटले होते. लांब्यानं पखालीचं तोंड सोडलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं एका पोरानं ओरडायला तोंड उघडलं. आवडीनं त्याच्या मांडीवर चापट मारली.

"गप रं," ती म्हणाली. मग पडद्याकडं बघत, अगदी शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पाज रं बाबा, पाज त्याला."

सदू मशीनजवळ उभा होता. त्या ठिकाणी कोण काय बोलतंय ते त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.